सिस्टरांची तोंडी परीक्षा

डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही झाली म्हणजे बाई घरी निघाली, असा आमच्या रुग्णालयात नव्याने आलेल्या प्रत्येक डॉक्टरचा समज असे. माझाही होता. टाके काढलेले, बाळाच्या डोक्यावर टोपी चढवलेली, नवरा बाहेर जीपवाल्याशी हुज्जत घालतोय, आणि बाई मात्र खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेली. समोरच्या स्टुलावर आमच्या सिस्टर. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान सरळ, शाळातपासणीला आल्यासारख्या.

"पोट बाहेरून कसा कापला?"

"आडवा."

"आतली पिशवी कशी कापली?"

"आडवी."

"कशाला कापली?"

"पोर आडवा होता."

"पुढल्या येळेला काय करशील?"

इथे बहुतेक बायका अडखळत. मग सिस्टर त्यांना सांगत, त्यांच्याकडून म्हणवून घेत, पुन्हा पहिल्यापासून विचारत. चारही उत्तरं न चुकता आली की त्या उठून बाळाची टोपी उगाचच नीट करत आणि म्हणत, "जा आता घरी." तो खरा डिस्चार्ज. माझी सही नुसती कागदावरची.

हे रुग्णालय डहाणू-तलासरी पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण पुढे माझी एक चूक येणार आहे आणि ती माझ्या एकटीचीच राहावी असं मला वाटतं. मी नाशिकची. एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेचं एक वर्ष सक्तीचं, म्हणून तिथे गेले आणि चार वर्षं राहिले. त्या चार वर्षांत आमच्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ तीन बदलले, भूलतज्ज्ञ डहाणूहून ठरलेल्या दिवशी येत, वैद्यकीय अधिकारी तर येत नि जात. सिस्टर मात्र जागेवरच. बाळंतपणाचा वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर या दोन्ही ठिकाणी त्यांचंच राज्य होतं. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी कधी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. बाकीच्या सगळ्या नर्सना नावापुढे सिस्टर लागायचं, यांना नुसतंच सिस्टर.

बाई अंगाने बारीक, उंचीने बेताची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते रोज खडूने पांढरे केलेले असत. गाव झाई, अगदी गुजरातच्या वेशीवर. भावाची बोट होती. एसटीने यायच्या, आणि सोबतच्या पिशवीत एक डबा जेवणाचा असे नि एक सुक्या बोंबलांचा. दुसरा डबा कुणासाठी ते त्या दिवशी वॉर्डात कोण अशक्त दिसतंय त्यावर ठरे. तक्रार गेली तर नाकबूल करायच्या. वास मात्र संध्याकाळपर्यंत फिरत राहायचा आणि आम्ही सगळे नाकपुड्या फुगवून गप्प बसायचो.

थिएटरमध्ये त्या गुजरातीत मोजायच्या. याचं मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. पोट शिवण्याआधी आत घातलेले कापडी मॉप, सुया, चिमटे, सगळं जितकं गेलं तितकं बाहेर आलं का ते मोजायचं असतं. बोलायच्या मराठीत, रागवायच्या मराठीत, पण ट्रे समोर आला की सुरू, "एक, बे, त्रण, चार..." मी विचारलं तर म्हणाल्या, "लहानपणी बंदरावर बापाची मासळी मोजायची. घेणारे सगळे पलीकडचे. मोजायला त्यांच्याकडनं शिकली, तर मोजणार त्यांच्याच भाषेत ना. मराठीत मोजली तर मलाच भरवसा नाय वाटायचा."

एकदा ती मोजणी एकाने कमी भरली. सर, म्हणजे आमचे तेव्हाचे स्त्रीरोगतज्ज्ञ, शिवण्यासाठी हात पुढे करून उभे. सिस्टरांनी धाग्याची सुई दिलीच नाही. "एक ओछो," म्हणाल्या. कमी आहे. सर म्हणाले, मी आत दोनदा बघितलंय, नाहीये. सिस्टर म्हणाल्या, "मग तिसऱ्यांदा बघा." भूलतज्ज्ञ घड्याळ बघायला लागले. सरांनी पुन्हा पोटात हात घालून पाहिलं, आम्ही बादल्या उलट्या केल्या, कपाटाखाली वाकलो. शेवटी तो मॉप माझ्याच बुटाच्या तळाला चिकटलेला सापडला. मला वाटलं आता माझी चंपी होणार. पण सिस्टरांनी तो चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवला, पहिल्यापासून सगळं मोजलं आणि शांतपणे सरांच्या हातात सुई दिली. नंतर मला एवढंच म्हणाल्या, "सापडला ते बरा. पायाखाली सापडला त्याची लाज वाटायला नको, पोटात ऱ्हायला असता त्याची वाटायची."

सिझेरियनला त्यांच्यासमोर कुणी 'छोटंसं ऑपरेशन' म्हटलेलं त्यांना खपत नसे. आणि कुणी घाबरून 'पोट फाडतात' म्हटलं तर तेही खपत नसे. डहाणूहून एक शिक्षक जोडपं एकदा तारीख नि वेळ लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलं. गुरुजींनी मुहूर्त काढून दिलेला. बाईंना काही त्रास नाही, बाळ डोक्याने खाली, सगळं व्यवस्थित. सिस्टरांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून त्यांच्या हातात परत दिली. म्हणाल्या, "मास्तर, बारसं करा याच्यावर. पोट उघडायला कारण लागतं. कारण झाला तर मी रविवारी पण बोलावीन डॉक्टरला." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पुढे त्यांची बायको आपोआप बाळंत झाली, आणि पेढ्यांचा पहिला पुडा सिस्टरांच्याच टेबलावर आला.

याच्या उलट प्रसंग पाड्यांवरच्या माणसांत. सुनेला तिथे बाळंतपणं करणाऱ्या सुईणबाईने दोन दिवस चोळलेलं, मग इकडे आणलेलं, आणि तरी सासू म्हणतेय, कापायचं नाही. एका सासूबाईंना मी अर्धा तास समजावलं. मूल आडवं आहे, खांदा पुढे आलाय, आपोआप येणार नाही, उशीर झाला तर पिशवी फाटेल. म्हातारी ऐकून घेई नि म्हणे, "नाय." सिस्टर आल्या. उशीचा अभ्रा घेतला, त्यात कापडाची बाहुली आडवी घातली, तोंड मुठीएवढं ठेवून नाडीने बांधलं आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. "घे, काढून दाखव. पण अभ्रा नाय फाडायचा नि बाहुलीचा हात नाय मोडायचा." म्हातारीने दोन बोटं घातली, फिरवली, बाहेरून दाबलं. बराच वेळ खटपट करत बसली. मग अभ्रा खाली ठेवून म्हणाली, "काप." पुस्तकात दोन पानं आहेत या विषयावर. मला ती पानं तोंडपाठ होती.

ऑपरेशनआधी प्रत्येक डॉक्टरला त्या "कशाला?" असं विचारत. इंग्रजीतलं कारण चालत नसे. बाळाचे ठोके पडतायत, वार बाळाच्या खाली आलीय, आईला आकडी आलीय, जे असेल ते मराठीत आणि खाटेवर पडलेल्या बाईला ऐकू जाईल असं सांगायचं. "तिला समजेल असं सांगता येत नसेल तर तुमालाच अजून समजला नाय," म्हणायच्या. पाठीत भुलीची सुई देऊन बाईला उताणं निजवलं की तिच्या उजव्या कुशीखाली त्या चादरीची एक गुंडाळी सरकवत. गरोदर पोटाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडला की आईचा रक्तदाब उतरतो आणि बाळाला रक्त कमी जातं. थोडं डाव्या कुशीला कलतं ठेवलं की तो भार हटतो. ही गुंडाळी त्यांची स्वतःची होती, जुन्या साडीची, धुऊन उकळून आणलेली. दुसरी कुठलीही चालायची नाही.

आणि ऑपरेशन झालं की बाकीच्यांचं काम संपे, यांचं सुरू होई. बाळ आईच्या छातीशी लावायचं, आणि पहिले दोन तास त्या खाट सोडत नसत. दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, खालचं कापड, आणि पोटावर हात. मला शिकवलं होतं ते असं: "पिशवी कच्च्या चिकूसारखी लागली पायजे. पिकल्या चिकूसारखी लागली की हाक मार. तेव्हा कागद नाय भरत बसायचा." पिशवी सैल पडली की रक्त जातं, आणि आमच्याकडे रक्त म्हणजे फ्रीजमधल्या दोन-चार पिशव्या. हात ठेवून ते ओळखायला मला सहा महिने लागले. आजही मी तसाच हात ठेवते आणि मनात चिकूच असतो.

तर रमिलाची गोष्ट.

रमिला पहिलटकरीण, सातव्या महिन्यातच कळा सुरू होऊन आली. मूल आडवं, पाठ खाली, पाणी गेलेलं. इतक्या लवकर पिशवीचा खालचा भाग नीट तयार झालेला नसतो, तिथे आडवा छेद घ्यायला जागाच नव्हती. म्हणून सरांनी कातडी नेहमीसारखी आडवी कापली, पण आतली पिशवी उभी कापली, वरच्या जाड भागात. मुलगी जगली. उभ्या छेदाची अडचण पुढे असते. पिशवीचा वरचा भाग कळांमध्ये आवळतो, आणि पुढच्या खेपेला कळा सुरू झाल्या तर तो व्रण उकलू शकतो. म्हणून अशा बाईने कळांची वाट बघायचीच नाही. नववा लागला की येऊन दाखल व्हायचं आणि ठरवून ऑपरेशन करून घ्यायचं. पण बाहेरून बघणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. बाहेर दिसतो तो आडवाच व्रण.

मुलगी वजन धरेपर्यंत रमिला आमच्याकडेच होती. ती जाणार त्या दिवशी सिस्टर भाच्याच्या लग्नासाठी रजेवर. दिवाळी होऊन गेलेली, भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणारा टेम्पो फाटकाशी उभा. मुकादम दोनदा आत डोकावून गेला. मी कार्डावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत सगळं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आणि रमिलाच्या हातात दिलं. म्हणाले, "हे फार महत्त्वाचं आहे. जपून ठेव."

ती तोंडी परीक्षा मी घेतली नाही. घाई होती हे खरं. पण त्याहून खरं असं की तो प्रकार मला सिस्टरांचा एक हट्ट वाटे. मी शिकलेली डॉक्टर, मी लिहून देते, तेवढं पुरे, असा एक ताठा होता. तो आता कबूल करते.

सिस्टर रजेवरून आल्या. रजिस्टर पाहिलं. "रमिलाने काय सांगितला?" मी म्हणाले, कार्डावर लिहून दिलंय, लाल पेनाने. त्यांनी रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर रमिलाच्या माहेरच्या पाड्यावर जाऊन आल्या. घराला कुलूप. पुढे काही आठवडे त्या पाड्याची कुणीही बाई ओपीडीत आली की तिला विचारत, रमिला आली का, तिला सांग सिस्टरने बोलावलंय. मग विचारणं थांबलं. मला वाटलं, विसरल्या.

दीड-दोन वर्षं गेली. एका मंगळवारी, आमच्या ठरलेल्या ऑपरेशनांच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास एक बाई टेम्पोतून उतरली. भट्टीवरून माहेरी बाळंतपणाला निघालेली, वाटेत कळा लागल्या. उन्हाने रापलेली, पार सुकलेली. मी तपासलं. आधीचा आडवा व्रण, बाळ डोक्याने खाली, ठोके चांगले, पिशवीचं तोंड अर्ध्यावर उघडलेलं.

"आधीचं कार्ड कुठाय?"

"घरी."

"आतला छेद कसा होता, कुणी सांगितलं होतं?"

तिने पोटावरच्या व्रणावर बोट आडवं फिरवलं.

मी केसपेपरवर पत्ता विचारला, तिने जिथून आली तो भट्टीचा सांगितला. नाव रमिला. आमच्याकडे रमिला आठवड्याला चार येत. आधीचं ऑपरेशन कुठे झालं हे मी विचारलं नाही, आणि तो रापलेला चेहरा मला ओळखू आला नाही. मी थिएटरच्या दारातून सरांना विचारलं. सर म्हणाले, "आतला छेद कसा आहे?" मी म्हणाले, "आडवाच असणार, सर." सर म्हणाले, मग नैसर्गिक होऊ द्या, लक्ष ठेवा. एका आडव्या सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं, अनेकींचं होतं. चुकीचं काहीच बोलले नाहीत ते. चुकीचं होतं ते माझं 'असणार'.

सिस्टर दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात चहा घ्यायला बाहेर आल्या. जाता जाता त्या खाटेपाशी थांबल्या. सवयीप्रमाणे विचारलं, "कुठल्या पाड्याची गो?"

रमिलाने माहेरच्या पाड्याचं नाव सांगितलं.

सिस्टरांनी हातातला कप खिडकीत ठेवला. तो क्षण मला फार स्पष्ट आठवतो, कारण कप कडेवर ठेवला गेला आणि पडला, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही. रमिलाच्या कपाळावरचे केस मागे सारले, चेहरा बघितला. "पहिली पोरगी सातव्या महिन्यात झाली तुला? आपल्याकडे?" रमिलाने मान हलवली. सिस्टरांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली, दुसरा हात पोटावर. कळ ओसरली तरी रमिला कण्हतच होती. नाडी मी मघाशी पाहिली त्याहून जोरात पळत होती.

"हिची पिशवी उभी कापलेली हाय," सिस्टर मला म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सरांना सांग, टेबल रिकामा हाय, तो हिला. आताच. पुढची थांबेल."

पुढची वीस मिनिटं कुणी वायफळ शब्द बोललं नाही. भूलतज्ज्ञ तिथेच होते हे रमिलाचं नशीब. मंगळवार नसता तर त्यांना डहाणूहून यायला तासभर लागला असता. रक्ताच्या दोन पिशव्या मागवल्या, सलाईन लावलं, लघवीची नळी घातली, संसर्ग होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन दिलं. धावपळीतही सिस्टर खाली वाकून रमिलाच्या कानाशी सांगत होत्या, "आपण पोट उघडतो. जुना व्रण उकलायला लागलाय. पोर बरा हाय. समजला?" रमिला म्हणाली, "हा." साडीची गुंडाळी उजव्या कुशीखाली गेली.

सरांनी पोट उघडलं आणि थांबले. जुन्या व्रणाच्या जागी पिशवीची भिंत उरलीच नव्हती. बोटभर लांबीत नुसतं पातळ पापुद्र्यासारखं आवरण, आणि त्यातून बाळाचं अंग हलताना दिसत होतं. अजून थोड्या कळा, एवढंच अंतर होतं. सर म्हणाले, "सिस्टर, बघा." सिस्टर म्हणाल्या, "बघितला. पोर काढा."

मुलगा होता. काढल्याबरोबर रडला. वार निघाली, पिशवी आवळायचं औषध गेलं, सरांनी थर थर करत शिवलं. त्या दिवशी मला चिमटा धरायला दिला नाही, आणि ते योग्यच होतं. मग ट्रे समोर आला. "एक, बे, त्रण..." सातावर सिस्टर थांबल्या. पुन्हा एकपासून सुरुवात केली. मॉप पूर्ण भरले.

संध्याकाळी रमिलाचा भाऊ पाड्यावरून कार्ड घेऊन आला. भट्टीला जाताना टेम्पो पाड्यावर थांबला तेव्हाच पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या लुगड्याखाली, कुलुपात ठेवलेलं. प्लॅस्टिकला एक सुरकुती नाही, लाल अक्षरं कालच लिहिल्यासारखी. भट्टीवर पाऊस, धूर, चोऱ्या. तिथे एवढी महत्त्वाची वस्तू कोण नेणार? मी तिला जपून ठेव म्हणाले होते. तिने जपून ठेवलं होतं. सोबत ने, असं मी म्हणालेच नव्हते.

ते कार्ड हातात घेऊन मी मागच्या हापशाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि रडले. सिस्टर आल्या, शेजारी बसल्या. बोलतील, लागेल असं काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. खरं तर बोलायला हवं होतं. त्या बूट काढून त्यातली माती झटकत बसल्या.

मग म्हणाल्या, "मी नोकरीला नवीन होती तेव्हा एका बाईला मी पण कार्डच दिला होता."

"ती परत आली?"

"नाय."

बूट पुन्हा पायात घातले, नाड्या बांधल्या. "तिच्या नवऱ्याने कार्ड आणून दिला मला परत. म्हणाला, सरकारी हाय, जमा करा." एवढं सांगून त्या उठल्या, कारण रमिलाच्या पोटावर हात ठेवायची पंधरा मिनिटं झाली होती. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. इतके दिवस मी ज्याला हट्ट समजत होते, त्याच्या तळाशी काय होतं ते मला त्या एका वाक्यात मिळालं.

रमिला घरी जायच्या दिवशी स्टुलावर सिस्टर बसल्या नाहीत. मला बसवलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. मी विचारलं, रमिलाने सांगितलं, एक एक शब्द तोलून: "माना पोट बाहेरून आडवा कापलेला. आतली पिशवी उभी कापलेली, दोन वेळा. पयला पोर आडवा होता, दुसऱ्याला व्रण उकलला. आता पोर नको. ऱ्हायलाच तर लगेच यायचा, कळांची वाट नाय बघायची." मग माझ्याकडे बघून आपणहून म्हणाली, "हा भट्टीवर पण सांगीन." मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "जा आता घरी," मी म्हणाले.

पुढे मी नाशिकला परत आले, लग्न झालं, पुढचं शिक्षण अर्धवट सोडून तिथल्याच एका दवाखान्यात लागले. सिस्टर निवृत्त होऊन झाईला राहिल्या. मी फोन करायची दिवाळीला. "जेवलीस?" असं विचारायच्या आणि माझं उत्तर पुरतं ऐकायच्या आधी फोन ठेवायच्या.

मागच्या वर्षी माझं बाळंतपण झालं. कळा सुरू असताना बाळाचे ठोके पडायला लागले आणि अर्ध्या तासात मी टेबलावर होते. ऑपरेशन करणारी माझीच वर्गमैत्रीण. सगळं नीट झालं, मुलगी झाली. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. चकचकीत फाइल, त्यात वीसेक कागद, वर सोनेरी अक्षरं. नवऱ्याने गाडी दाराशी आणली, सासूबाई बाळाला घेऊन मागे बसल्या. मी पुढचं दार उघडून, एक हात पोटाशी धरून आत बसणार, तेवढ्यात वाटलं, आधी झाईला कळवावं.

फोन लागला. मागे वाऱ्याचा आवाज, कुणीतरी जाळी ओढत असावं. मी म्हणाले, "सिस्टर, मुलगी झाली. सिझेरियन झालं."

अभिनंदन वगैरे काही नाही. "कशाला?"

"ठोके पडले."

"हां. बाहेरून कसा कापला?"

"आडवा." मला हसू यायला लागलं होतं.

"पिशवी कशी कापली?"

मी पाठीत सुई घेऊन जागी होते, टेबलावरचा प्रत्येक आवाज मला ओळखीचा होता, मुलीचा पहिला आवाज ऐकून मी रडले होते. आणि नंतरच्या चार दिवसांत, दूध, टाके, पाहुणे यांत, हे विचारायचंच राहिलं होतं.

"आडवीच असणार, सिस्टर."

"असणार?"

नवरा आतून विचारत होता, बसतेस ना?

"मग तू अजून घरी नाय जायची," सिस्टर म्हणाल्या. "जा, विचारून ये. मी हाय इथे."

मी फोन चालूच ठेवून, पोट धरून, लिफ्टने पुन्हा वर गेले. मैत्रीण ओपीडीत होती. माझा प्रश्न ऐकून तिला आधी गंमत वाटली. "अगं, फाइलमध्ये आहे की सगळं!" मी म्हणाले, फाइलमध्ये असू दे, तू मला सांग. ती सांगायला लागली आणि तिचा चेहरा जरा गंभीर झाला. छेद आडवाच होता, पण बाळ घाईने काढताना डावीकडे तो खाली फाटत गेला होता, बराच. तो वेगळा शिवावा लागला. "तुला सांगणारच होते, नंतर निवांत. पुढच्या वेळी कळांची वाट बघू नकोस."

तिच्या समोरच्या खुर्चीत बसून मी फोन कानाला लावला आणि चारही उत्तरं दिली. पोट बाहेरून आडवं कापलं. पिशवी आडवी कापली, डाव्या बाजूला खाली फाटली, शिवली. ठोके पडले म्हणून कापली. पुढच्या वेळी कळांची वाट बघायची नाही, आधीच येऊन दाखल व्हायचं.

"परत सांग."

मी परत सांगितलं. माझी मैत्रीण पेन खाली ठेवून ऐकत होती, आणि दारातली पुढची पेशंटही.

"पोरीला टोपी घातलीस?"

"घातलीय."

"जा आता घरी," सिस्टर म्हणाल्या.